पासिंगला कोण कोण आहे?

मेणवलीच्या घाटावर एक बाई धुणं धूत बसली आहे. शेजारून एक म्हातारा तांब्या घेऊन पायऱ्या उतरतो, वरून दोन पोरं पळत येतात, देवळाच्या अंगाने एक भटजी चालत जातात. सगळं रोजच्यासारखं. फक्त बाईच्या हातातलं लुगडं सकाळपासून एकच आहे आणि पिळून पिळून ते विरायला आलंय. म्हाताऱ्याचा तांब्या रिकामा आहे. पोरांची ही सातवी धाव. भटजींना एकही मंत्र येत नाही, पण शेंडीचा विग त्यांच्याच डोक्याला बसला.

"चला, पासिंगला कोण कोण आहे?" सहायक दिग्दर्शक ओरडतो. पाचही जण आपापल्या जागी परत जातात.

पासिंग म्हणजे मागून जाणं. नायक-नायिका पुढे बोलत असताना त्यांच्या पाठीमागून, कधी कॅमेऱ्याच्या अगदी पुढून, जी माणसं जातात-येतात त्यांच्या कामाला हा शब्द आहे. पूर्वी अशा माणसाला 'एक्स्ट्रा' म्हणत. त्यात जास्तीचा, नसला तरी चालेल असा वास येतो म्हणून पुढे 'ज्युनिअर आर्टिस्ट' हे नाव रुळलं. सेटवर 'क्राउड' आणि 'मॉब' हेही चालतं. गावाकडे मात्र साधं विचारतात, "काय, गर्दीला गेलता का?"

साताऱ्यात, विशेषतः वाईच्या पट्ट्यात, हा प्रश्न आता कुणाला नवा वाटत नाही. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, मेणेश्वराचं देऊळ, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, खाली कृष्णा आणि मागे डोंगर, इतकं सगळं एका हाकेच्या अंतरात मिळतं. मुक्कामाला पाचगणी पसरणी घाट चढला की आलीच. प्रकाश झा यांनी 'मृत्युदंड' (1997) आणि 'गंगाजल' (2003) मध्ये या परिसराचा बिहार केला. आशुतोष गोवारीकरांच्या 'स्वदेस'मध्ये (2004) मेणवलीचं उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. 'दबंग'मध्ये (2010) वाईचं लालगंज झालं, आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये (2013) हाच मुलूख तमिळनाडू होऊन बसला. वाईत राहून, एक दिवसही घरचं जेवण न चुकवता, माणसाला इतके प्रांत फिरता येतात. खांद्यावर गमछा टाकला की बिहारी, तो काढून पांढरी वेष्टी नेसली की मद्रासी. वाईचं वाई म्हणून पडद्यावर येणं त्या मानाने कमीच.

सांगलीकडे असा ओघ नाही. तिथली हौशी पोरं सकाळच्या गाडीने किंवा मोटारसायकलवर डबलसीट कोल्हापूर गाठतात, नाहीतर साताऱ्याची वाट धरतात. पण गर्दीत उभं राहण्याचा मान मुळात सांगलीचा. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्या खेळांत सगळी पदं सूत्रधार म्हणायचा. राक्षसपार्टीचं काम एवढंच, की तोंडं रंगवून यायचं, तलवारी परजायच्या आणि 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकून पोराबाळांची गाळण उडवायची. पुढच्या पिढीने त्या नाटकांना 'अललडुर्र नाटकं' म्हणून हिणवलं. म्हणजे मराठी रंगभूमीच्या पहिल्या पर्वाला जे टोपणनाव पडलं ते नायकावरून पडलं नाही, मागे आरडाओरडा करणाऱ्या मंडळींवरून पडलं. या धंद्यात शिरणाऱ्याने ही गोष्ट मनाशी ठेवावी. एवढं श्रेय पुन्हा कधी मिळालेलं नाही.

या दोन जिल्ह्यांतली दोन माणसं मात्र मागून निघून अगदी पुढे गेली. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात 1919 साली जन्मलेले, औंधच्या शाळेत शिकलेले गजानन दिगंबर माडगूळकर मॅट्रिकला अडखळले आणि कोल्हापूरला सिनेमाच्या दारात जाऊन उभे राहिले. मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त (1938) त्यांनी केलेली कामगिरी किरकोळ होती. दुसरे राजा गोसावी. गाव खटाव तालुक्यातलं सिद्धेश्वर कुरोली, जन्म 1925. मास्टर विनायकांच्याच कंपनीत ते हरकामे म्हणून लागले. सुतारकाम, मेकअप, दिवे, जिथे हात कमी पडेल तिथे गोसावी, आणि माणूस कमी पडला तर तोंडाला रंग लावून तेच उभे. 1952 साली 'लाखाची गोष्ट'मध्ये राजा परांजप्यांनी त्यांना नायक केलं, तेव्हा ते पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटं विकत होते. चित्रपट तिथेच लागला आणि नायकाच्या हातून तिकीट घ्यायला लोक खिडकीशी जमले. त्या चित्रपटाची पटकथा आणि गाणी माडगूळकरांची होती. सांगलीच्या एक्स्ट्राने लिहिलं आणि साताऱ्याच्या एक्स्ट्राने केलं, असं म्हटलं तर त्यात फार अतिशयोक्ती नाही.

नव्या पोरांना ही उदाहरणं हमखास ऐकवली जातात. ऐकवणारा एक गोष्ट सोडून देतो. तेव्हाचा एक्स्ट्रा कंपनीत राहायचा, कंपनीत जेवायचा. मास्टर विनायक त्याला रोज बघत. पोरगा तालमीच्या वेळी कोपऱ्यात बसून नकला करतो, पदं रचतो, हे मालकाच्या कानावर जायचं. आजचा माणूस पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतो, दिवसभर उभा राहतो आणि रात्री उतरतो. दिग्दर्शक मॉनिटरसमोर तंबूत असतो. त्याला पडद्यावर निळ्या सदऱ्याचा माणूस दिसतो, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे गर्दीतून पुढे जायचा जिना होता तो स्टुडिओबरोबर गेला. वेळे कामथीचे सयाजी शिंदे पाटबंधारे खात्यात पहारेकरी होते, पण ते वर आले ते नाटकातून. ज्याला खरोखर अभिनय करायचाय त्याने साताऱ्यात शाहू कला मंदिराची आणि सांगलीत भावे नाट्यमंदिराची पायरी चढावी, राज्य नाट्य स्पर्धेत एखादं लहानसं काम मागून घ्यावं. गर्दीला जायचं तर रोजंदारीचं काम म्हणून जावं, आणि चांगलं करावं.

कारण ते वाटतं तितकं सोपं नाही.

बाजाराचा साधा प्रसंग घ्या. नायिका भाजी घ्यायला आली आहे. सहायक दिग्दर्शक पंधरा-वीस माणसं वाटून टाकतो. तुम्ही भाजीवाली, तुम्ही गिऱ्हाईक, तुम्ही सायकल ढकलत डावीकडून उजवीकडे, तुम्ही दोघं कोपऱ्यात गप्पा. प्रत्येकाला खूण सांगितली जाते, कुणाला इशाऱ्यावर तर कुणाला नायिकेच्या अमुक शब्दावर निघायचं असतं. आवाज जागेवरच ध्वनिमुद्रित होत असेल तर कोपऱ्यातल्या दोघांनी ओठ हलवायचे, हातवारे करायचे, हसायचं, पण आवाज काढायचा नाही. मुक्याने भांडणं हा नव्या माणसाला सगळ्यात अवघड जाणारा प्रकार. तीन मिनिटांत एकतर तो गप्प होतो, नाहीतर खरंच बोलायला लागतो, आणि मग रेकॉर्डिस्टची शिवी ठरलेली.

मग टेक. मग पुन्हा टेक. मग कॅमेरा दुसऱ्या बाजूला लावून तोच प्रसंग. आता खरी परीक्षा असते. पहिल्या वेळी पिशवी उजव्या हातात होती की डाव्या? पदर खोचलेला होता का? सायकल पाणपोईपाशी असताना नायिका वळली की पुढे गेल्यावर? या सगळ्याला सेटवर कंटिन्युइटी म्हणतात आणि ती बघायला माणूस असतो, पण वीस जणांच्या पिशव्या त्याच्या ध्यानात राहत नाहीत. "मावशी, टोपली डाव्या कमरेवर होती," असं त्याने सांगायच्या आत जी मावशी स्वतःच टोपली बदलून उभी असते, तिला दुसऱ्या दिवशी फोन येतो. रूप, उंची, गोरेपणा यांचा या फोनशी संबंध थोडाच.

दुसरी कसोटी बघण्याची. कॅमेऱ्यात बघायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. नटाकडे बघायचं नाही, हे कळायला वेळ लागतो. समोर दोन हातांवर सलमान खान उभा आहे आणि आपल्याला कांद्याचा भाव विचारायचा आहे. कांद्यातच लक्ष ठेवणं हा अभिनय नव्हे, असं कुणी म्हणत असेल तर त्याने करून बघावं.

मुंबईत या कामाची रीतसर उतरंड आहे. पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन, बायकांचा महिला कलाकार संघ, दोन्ही फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजशी जोडलेल्या. सभासदाचं कार्ड, शिफ्टचा दर, जादा वेळेचा दर, शिवाय माणसांच्या प्रती. पार्टीत ग्लास धरून शोभेल तो 'डिसेंट'. बाकीचे झोपडपट्टी, मोर्चा आणि अंत्ययात्रा यांच्यासाठी. साताऱ्यात ही वर्गवारी उलटी फिरते. इथे मागणी रापलेल्या चेहऱ्याची, पांढऱ्या मिशांची, नऊवारीत सहज वावरणाऱ्या बाईची. बैलगाडी हाकता येते? घोड्यावर बसता येतं? लेझीम, झांज, दांडपट्टा? भाकरी थापता येते का, आणि चुलीवर? मुंबईचा डिसेंट माणूस इथे एका दिवसात उघडा पडतो, कारण त्याला डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी धरावी लागते.

हे बळ मालिकांनी ओळखलं. साताऱ्याकडचे फौजी आणि त्यांची गावं घेऊन 2017 मध्ये झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली. लेखक वाईचे तेजपाल वाघ, नायक साताऱ्याचा नितीश चव्हाण. त्यानंतर 'देवमाणूस', 'मुलगी झाली हो', 'आई माझी काळूबाई', 'अप्पी आमची कलेक्टर' अशी रांग लागली. सिनेमावाले पंधरा दिवस राहून जात. मालिका दोन-दोन वर्षं गावात बिऱ्हाड करते. पारावर बसणारे म्हातारे पारावर बसण्याचे पैसे घेऊ लागले. ज्यांना नुसतं बसायचं होतं त्यांना, शॉट चालू असताना, पार मोकळा करून द्यावा लागला.

शिरकाव होतो तो ओळखीतून. तालुक्यात एक-दोन कोऑर्डिनेटर असतात. ते कधी नाटकवाले, कधी मंडपवाले, कधी गाड्या भाड्याने देणारे. त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. रात्री उशिरा त्यावर संदेश पडतो: उद्या लग्नाचा सीन, बायका तीस, पुरुष वीस, कपडे आपले, पांढरं-काळं नको, इतक्या वाजता अमुक चौकात. पांढरा रंग उजेडात डोळ्यांत भरतो म्हणून नको, बारीक चौकडा कॅमेऱ्यात थरथरतो म्हणून नको, कंपनीचं नाव छापलेला शर्ट तर नकोच. अनुभवी बायका पिशवीत तीन साड्या घेऊन जातात, एक लग्नाची, एक कामाची, एक मयताची. फोटो मागितले तर समोरून, बाजूने आणि पायापर्यंतचा, असे तीन साधे फोटो द्यावेत. मोबाइलने गोरा केलेला चेहरा काही कामाचा नसतो. गर्दीला माणूस निवडणारा नेमका उलट चेहरा शोधत असतो.

आणि 'नाव नोंदवायला' पैसे मागणाऱ्याला एक रुपयासुद्धा देऊ नये. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. पोर्टफोलिओ, ऑडिशन फी, 'चॅनेलच्या साहेबांची भेट' या नावाखाली पुण्या-मुंबईतल्या चकचकीत कचेऱ्यांत तालुक्याच्या पोरांचे पैसे आजवर भरपूर बुडाले आहेत.

आता पैशांचं. कंपनी सप्लायरला माणशी दर देते. सप्लायर स्थानिक कोऑर्डिनेटरला देतो, कोऑर्डिनेटर आपल्या हाताखालच्या पोराला, आणि तो पोरगा चौकात उतरलेल्या माणसाला. पाण्याची पाळी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत येईस्तोवर पाटात काय उरतं, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. कमिशन घेण्यात गैर काही नाही. माणसं जमवणं हेही काम आहे. गैर हे, की मूळ दर किती होता ते उभं राहणाऱ्याला कधीच कळत नाही. आठ तास ठरले होते की बारा, हेही पॅकअपच्या वेळी कळतं. बहुतेक व्यवहार रोखीचा आणि तोंडी. ऊस लागला, द्राक्षाची छाटणी आली की मजुरी चढते आणि गर्दी मिळेनाशी होते. तेव्हा कुठे दर थोडा हलतो.

कायदा नाही असं नाही. सिने-कामगारांसाठी केंद्राने 1981 साली कायदा केला आणि लेखी कराराशिवाय कुणाला कामावर घेऊ नये, असं त्यात घातलं. 'कलाकार' त्या व्याख्येत होताच. तो कायदा चित्रपटांपुरता होता. 2020च्या कामगार संहितेत 'दृक्‌श्राव्य कामगार' म्हणून मालिकांनाही जागा मिळाली. लहान मुलांबाबतचे 2017चे नियम तर स्पष्ट आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के वाटा मुलाच्या नावे बँकेत ठेव म्हणून. शाळेच्या प्रसंगासाठी खरीखुरी शाळाच उचलून नेली जाते, तेव्हा यातलं काय काय पाळलं जातं हे पालकांनी विचारायला हवं. विचारत नाहीत, कारण पोरगं टीव्हीत दिसणार असतं.

धोकेही आहेत. 2020च्या सप्टेंबरमध्ये 'आई माझी काळूबाई'च्या साताऱ्यातल्या चित्रीकरणात अनेकांना कोरोनाची लागण झाली आणि अभिनेत्री आशालता वाबगावकर 22 सप्टेंबरला साताऱ्यातच गेल्या. त्या 79 वर्षांच्या होत्या. त्यांच्या जाण्याची बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. त्या दिवसांत त्याच सेटांवर मागे उभे राहणारे किती जण आजार घेऊन घरी गेले, ते कुणी मोजलं नाही. 2025च्या एप्रिलमध्ये संगम माहुलीला एका ऐतिहासिक चित्रपटातल्या गाण्याचं काम आटोपल्यावर समूहातला एक तरुण नर्तक कृष्णेत उतरला आणि वाहून गेला. दोन दिवस शोध चालला. ऐतिहासिक चित्रपटांत घोडे, तलवारी, मशाली आणि निसरडे कडे असतात. मावळा झालेल्या पोराचा विमा आहे की नाही, हे तो पोरगा विचारत नाही, त्याचा कोऑर्डिनेटरही नाही.

रिचर्ड ॲटनबरोच्या 'गांधी'मधल्या अंत्ययात्रेला दिल्लीत तीन लाखांवर माणसं उभी होती. त्यांतले मोबदला घेणारे किती, याचा आकडा 94,560 असा नोंदलेला आहे. जवळपास लाखभर माणसांच्या गर्दीत शेवटच्या साठ जणांपर्यंत हिशेब लागला, कारण कुणीतरी कागद ठेवला होता. वाईच्या बाजारातल्या वीस जणांचा कागद ठेवणं त्याहून अवघड नसावं.

सांगली जिल्ह्याला तर कागदाची सवय आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी 1965 साली आपल्याच गावात जो प्रयोग केला, त्यातून पुढे राज्याची रोजगार हमी उभी राहिली. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईचंही नाव मस्टरवर चढतं, तिचे दिवस भरतात, दर ठरलेला असतो. तिला तो वाचता येत नसला तरी दुसऱ्याला वाचता येतो. दिवसभर डोक्यावर घागर घेऊन पासिंग करणाऱ्या बाईचं नाव ना पडद्यावर येतं, ना मस्टरवर.

चित्रीकरणाला गावात जागा देताना ग्रामपंचायत ना-हरकत पत्र देते. पार, देऊळ, शाळा, घाट यांचं भाडं त्यात ठरतं आणि कचरा उचलण्याची अटही असते. त्याच पत्रात सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी आणखी एक ओळ घालावी: गावातली जी माणसं कामाला घ्याल त्यांची नावं, तास आणि माणशी दर लिहिलेलं मस्टर रोज संध्याकाळी पंचायतीच्या फळ्यावर लावायचं. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. पुढच्या मासिक सभेत विषय घेतला की झालं.